झाकलेल्या चेहऱ्याचा कामगार : जोसेफ मेरिक

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या नामवंत व्यक्तीचे चरित्र असते. या खेपेला संपादक मंडळाने ते काम आमच्यावर टाकले तेव्हा आम्ही नाव सुचवले इंग्लंडातल्या जोसेफ मेरिकचे. दोघातिघांनी लगेच विचारले, की हा कोण? याने चळवळ केली का, ग्रंथ लिहिला का, कायदा केला का? तर यातले काहीच नाही. तो सत्तावीस वर्षे जगला आणि त्यातली बरीच वर्षे तोंडावर पडदा घेऊन जगला. तरीपण हत्तीमाणूस या नावाने तो जगभर माहीत झाला. त्याच्यावर पुस्तके झाली, नाटक झाले, १९८० साली इंग्रजी सिनेमाही निघाला.

हे नाव सुचवण्यास कारण आहे. विहारात सामुदायिक फोटो काढायची वेळ आली, की एक-दोन पोरंपोरी हटकून खांबाआड सरकतात. कुणाच्या तोंडावर कोड उठलेले असते, कुणी लहानपणी स्टोव्हने भाजलेले असते, आणि कुणाकुणाला तर निव्वळ काळं म्हणून घरच्यांनीच हिणवलेलं असतं. रूपापेक्षा गुण मोठा असे त्यांना सांगून भागत नाही. ज्याला रोज रस्त्यातून चालायचे आहे त्याला ते पुरत नाही. म्हणून ज्याला हा प्रश्न सर्वात कठीण पडला त्याची हकीकत इथे देत आहोत.

जोसेफचा जन्म ५ ऑगस्ट १८६२ रोजी लेस्टर या गावी झाला. लेस्टर म्हणजे मोजे-बनियन विणणाऱ्यांचे आणि जोडे शिवणाऱ्यांचे गाव. बाप कामकरी होता. पुढे तो सूतगिरणीत इंजिनावर होता आणि जोडीला बायकोच्या मदतीने सुईदोरा, बटणे, हातमोजे अशा मालाचे लहानसे दुकान चालवी. आम्ही गिरणीत साच्यावर उभे राहिलेली माणसे, त्यामुळे इंजिनावरच्या माणसाचे घर कसे असते हे आम्हाला वेगळे सांगावे लागत नाही. आई मेरी जेन ही धार्मिक बाई होती, बॅप्टिस्ट पंथाच्या शाळेत रविवारी मुलांना शिकवायची. तिने मुलाच्या नावात कॅरी हे नाव घातले, विल्यम कॅरी या पाद्र्यावरून. हा कॅरी मुळात जोडे शिवणारा. काही वर्षे तो लेस्टरलाच पाद्री होता, १७९३ साली बंगालात आला, आणि त्यानेच श्रीरामपूरच्या छापखान्यात १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठीचा कोश छापून काढला. वैजनाथ पंडितांचे साह्य त्याला होते. तेव्हा आपण ज्याची कथा सांगतो आहोत त्याच्या नावात मराठीचा जुना सेवक बसलेला आहे. ही गोष्ट विषयाला सोडून झाली खरी, पण एका जोडे शिवणाऱ्याने आपल्या भाषेचे व्याकरण छापले हे सांगायची संधी आम्ही का सोडावी?

जन्मला तेव्हा पोर चांगले होते. लहानपणीच ओठ सुजायला लागला, मग कपाळावर हाडाचा उंचवटा आला, कातडी जाड आणि खरबरीत होऊ लागली. उजवा हात आणि पाय वाढत गेले. त्यात पडून कमरेच्या सांध्याला दुखापत झाली आणि पोर कायमचे लंगडे झाले. डावा हात मात्र शेवटपर्यंत निर्दोष राहिला, नाजूक आणि सुबक. पूर्ण वाढ झाली तेव्हा डोक्याचा घेर ३६ इंच आणि उजव्या मनगटाचा घेर १२ इंच भरला.

असे का झाले? घरच्यांनी सांगितलेले कारण असे, की आई गरोदर असताना जत्रेत हत्तीच्या पायाशी पडून घाबरली. जोसेफने स्वतःही आयुष्यभर हेच खरे मानले. आपल्याकडे पोटुशी बाईने ग्रहणात भाजी चिरली तर पोराचा ओठ फाटतो म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. यात दोष फिरून आईवरच येतो हे लक्षात घ्या. आणि आईवर नाही आला तर मागच्या जन्मावर येतो. वास्तविक हा आजार आहे. आधी डॉक्टरांनी त्याला दुसरे नाव दिले होते. १९८६ साली दोन डॉक्टरांनी हा प्रोटियस सिंड्रोम असावा असे मांडले आणि आज बहुतेक जाणकार तेच धरून चालतात. या आजाराचे मूळ २०११ साली सापडले. गर्भ राहिल्यानंतर वाढणाऱ्या एखाद्या पेशीतल्या एका जनुकात बदल होतो, आणि त्या पेशीपासून पुढे जेवढा भाग तयार होतो तेवढाच बेसुमार वाढतो. आईबापाकडून तो येत नाही, हत्तीमुळे येत नाही, पापामुळे येत नाही.

आई होती तोवर पोराला जवळ करणारे कुणी होते. १८७३ च्या मे महिन्यात ती न्यूमोनियासारख्या दुखण्याने गेली. जोसेफ तेव्हा दहा वर्षांचा. पुढल्याच वर्षी बापाने दुसरे लग्न केले. सावत्र आईला तिची स्वतःची मुले होती, देखणी. ताटावर बसला की खाल्लेल्याचा हिशोब व्हायचा, म्हणून जेवणाच्या वेळेला पोरगं उपाशीपोटी रस्त्यांवरून लंगडत फिरायचं.

तेराव्या वर्षी तो विड्यांच्या म्हणजे सिगारच्या कारखान्यात वळायला लागला. कामाला लागलेल्या माणसाला आमच्यात मान देऊन बोलतात. मेरिकना तो मान हयातीत फारसा कुणी दिला नाही, म्हणून यापुढे आम्ही तो देत आहोत.

दोन-एक वर्षे मेरिकनी सिगार वळले. मग उजवा हात इतका जड झाला की पान वळेना, आणि नोकरी सुटली. बापाने फेरीचा परवाना काढून दिला आणि दुकानातला माल टोपलीत देऊन दारोदार धाडले. इथून चेहऱ्याचा खरा प्रश्न सुरू झाला. कारखान्यात माणसे सवयीने सरावतात. आमच्या खात्यात एकाचा अर्धा चेहरा वाफेने भाजलेला होता. पहिले आठ दिवस नवा बदलीवाला त्याच्याकडे चोरून बघे, नवव्या दिवशी त्याच्याकडेच तंबाखू मागे. पण फेरीवाल्याला रोज नवे दार, रोज नवे डोळे. बाई दार उघडायची आणि किंचाळून लावून घ्यायची. तोंडाची ठेवण बिघडल्यामुळे मेरिकचे बोलणेही कळत नसे, म्हणजे समजावून सांगण्याची सोय नाही. मागे पोरांचा घोळका. विक्री होईना. एके दिवशी, १८७७ साली, विक्री झाली नाही म्हणून बापाने जबर मारले आणि मेरिक घर सोडून निघाले ते परत गेले नाहीत.

आसरा दिला चुलत्याने. चार्ल्स मेरिक हा न्हावी होता. दिवसभर गावाच्या तोंडांवरून वस्तरा फिरवणारा माणूस, त्याला पुतण्याच्या तोंडाची भीती वाटली नाही. दोन वर्षे त्याने सांभाळले. पण त्याच्याही घरात खाणारी तोंडे वाढत होती, आणि तिकडे लोकांना त्रास होतो या कारणाने फेरीच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले गेले. म्हणजे बघा, भीक मागू नये म्हणून माल विकायला निघालेल्या माणसाचा धंदा बंद केला कशावरून, तर तोंडावरून.

२९ डिसेंबर १८७९ रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, मेरिक लेस्टरच्या वर्कहाउसमध्ये दाखल झाले. वर्कहाउस म्हणजे कंगाल लोकांना कोंडून राबवून घेण्याची जागा. मार्चमध्ये ते बाहेर पडले, काम मिळाले नाही, दोन दिवसांत परत यावे लागले. मग तिथे चार वर्षे गेली. वरच्या जबड्यातून सोंडेसारखी वाढ बाहेर आली होती, त्यामुळे खाणे-बोलणे कठीण झाले होते. ती तिथल्या इस्पितळात कापून काढली. पुढे काहीही झाले तरी परत वर्कहाउसात जायचे नाही, एवढे त्यांच्या मनाने पक्के घेतले.

आता ही गोष्ट नीट समजून घ्यावी. स्वतःला पैसे घेऊन दाखवायचे, ही कल्पना मेरिकवर कुणी लादली नाही. त्यांनी स्वतः सॅम टॉर नावाच्या तमासगीराशी संपर्क साधला आणि ऑगस्ट १८८४ मध्ये वर्कहाउस सोडले. लोक असेही बघणारच, मग त्याची मजुरी का घेऊ नये, असा हिशोब त्यांनी केला असावा असे आम्हाला वाटते. पुढे लंडनला टॉम नॉर्मन या खेळवाल्याने व्हाइटचॅपल रोडवर एक रिकामे दुकान घेतले आणि तिथे मेरिकचा खेळ लावला. दुकान बरोबर लंडन हॉस्पिटलच्या समोर.

येण्याजाण्यासाठी त्यांचा एक पेहराव होता. जमिनीपर्यंत लोळणारा काळा झगा. पायात पिशवीसारखे सैल जोडे. डोक्यावर पुढे झापड असलेली काळी टोपी, एखाद्याच्या कमरेला येईल एवढ्या घेराची. टोपीला लावलेला कापडाचा पडदा सगळे तोंड झाकून खाली यायचा, आणि बघण्यापुरती त्यात एक आडवी फट. लोक म्हणतील, बिचाऱ्याला लाज वाटायची म्हणून तो झाकून घ्यायचा. आम्हाला ते अर्धेच खरे वाटते. आतून बाहेरचे सगळे दिसत होते. जे बंद केले होते ते बाहेरच्यांचे बघणे. पडदा घेतला नाही तर गर्दी जमायची, चेंगराचेंगरी व्हायची, मार पडायचा. तेच तोंड दुकानात उघडे केले की दोन-दोन पेन्स मिळायचे. मोलाने राबणाऱ्याला यातली मेख लवकर कळते.

समोरच्या हॉस्पिटलातले सर्जन फ्रेडरिक ट्रीव्हज यांनी खेळ पाहिला आणि मेरिकना तपासायला नेले. २ डिसेंबर १८८४ रोजी लंडनच्या डॉक्टरांच्या सभेपुढे त्यांना उभे केले गेले. इथे पडदा तर नव्हताच, अंगावरचे कपडेही नव्हते. नॉर्मनने नंतर लिहून ठेवले आहे, की दोन-तीन वेळा असे झाल्यावर मेरिकनी पुन्हा तिकडे जायचे नाकारले. गुरांच्या बाजारात उभे केल्यासारखे वाटते असे त्यांनी सांगितले. ट्रीव्हजनी आपल्या आठवणी १९२३ साली छापल्या, त्यात नॉर्मनला दुष्ट ठरवले. नॉर्मनने उलट सांगितले, की मिळकतीत मेरिकचा हिस्सा होता, पैसे साठत होते आणि खेळ झाल्यावर टोपी फिरवून वर पैसे मागायला मेरिकचीच मनाई होती, कारण ते भीक मागणे झाले. दोघांपैकी कोण संत होता हे आम्ही ठरवत नाही. पण साहेबाने लिहिले ते प्रमाण आणि खेळवाल्याने लिहिले ते खोटे, असे वाचायची सवय आम्हाला नाही. ट्रीव्हजनी तर मेरिकचे नावही चुकीचे लिहिले. जोसेफचा जॉन केला. तेच नाव पुढे सिनेमात गेले.

पोलिसांनी असले खेळ बंद पाडायला सुरुवात केली तेव्हा मेरिकना युरोपात नेण्यात आले. तिथेही जमले नाही. ब्रुसेल्समध्ये नव्या मालकाने त्यांची साठवलेली सुमारे ५० पौंडांची रक्कम घेऊन पोबारा केला. ५० पौंड त्या काळी कामगाराची बरीच मोठी पुंजी. परक्या देशात, भाषा नाही, बोललेले कळत नाही, खिसा रिकामा. एका बंदरात बोटीवर घेतले नाही. मग दुसऱ्या बंदरातून कसेबसे इंग्लंड गाठले. २४ जून १८८६ रोजी लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनावर उतरले तेव्हा पडद्याआड काय आहे बघायला माणसे अंगावर आली. पोलिसांनी त्यांना एका खोलीत नेऊन दार लावले. ते कोपऱ्यात गोळा होऊन बसले. जवळ ट्रीव्हजचे एक कार्ड निघाले, ते दीड वर्ष त्यांनी सांभाळून ठेवले होते. निरोप गेला, ट्रीव्हज आले आणि घेऊन गेले. हे मात्र ट्रीव्हजच्या पदरात मोकळ्या मनाने टाकले पाहिजे.

असाध्य रोग्यांना हॉस्पिटलात ठेवायचा नियम नव्हता. असाध्य रोग्यांसाठी असलेल्या संस्थांनीही फुकट घ्यायला नकार दिला. तेव्हा हॉस्पिटलचे अध्यक्ष कार गॉम यांनी डिसेंबर १८८६ मध्ये टाइम्स पत्रात लोकांना आवाहन केले, आणि आठवडाभरात आयुष्यभराची सोय होईल एवढा पैसा जमला. आवारात मागच्या बाजूला दोन खोल्या दिल्या. रोज आंघोळ मिळू लागली आणि ज्या दुर्गंधीबद्दल सगळे नाक मुरडत होते ती गेली. पाणी मिळाले की वास जातो, हे आपल्या लोकांना कुणी शिकवायला नको.

पहिल्यांदा ट्रीव्हजना वाटले होते की हा मतिमंद आहे. बोलणे कळायला लागले तेव्हा दिसले, की माणूस चांगला हुशार आहे, वाचतो, लिहितो. चेहऱ्यावर भाव उमटत नव्हता एवढेच. मेरिकना हसता येत नसे, डोळ्यांतून पाणी मात्र यायचे. खोलीत आरसा ठेवायचा नाही असा हुकूम होता. याबद्दल आमचे मन द्विधा आहे. दया म्हणून ठीक. पण आरसा काढला म्हणून आपला चेहरा विसरतो का कुणी? नव्या नोकराने दार उघडून तोंड बघताच हातातले ताट टाकले, की तोच आरसा.

एका नाताळात त्यांना हवे ते मागा म्हटल्यावर मेरिकनी साहेबलोक वापरतात तशी प्रसाधनाची पेटी मागितली. चांदीच्या पाठीचे ब्रश, वस्तरे, सिगारेटची डबी. त्यातला आरसा आधीच काढून घेतला होता. त्यांना दाढी करता येत नव्हती, ओठात सिगारेट धरता येत नव्हती, ब्रश फिरवण्यासारखे केस नव्हते. तरी ते ती पेटी उघडत, वस्तू मांडत, परत ठेवत. ट्रीव्हजना हे पोरकट वाटले. आम्हाला नाही वाटत. आमच्या चाळीतल्या कोड फुटलेल्या एका पोरीने पहिल्या पगारात पावडरचा डबा आणला होता. चार जण हसले. नीटनेटके दिसावे असे वाटायला आधी देखणे असावे लागते, असा नियम कुठे आहे?

एकदा ट्रीव्हजनी ओळखीच्या एका तरुण विधवेला, लीला मॅट्युरिन यांना, सांगून आणले. त्या आत आल्या, हसल्या आणि त्यांनी हात पुढे केला. मेरिकनी हातात हात दिला, डोके गुडघ्यांवर टेकवले आणि हुंदके देऊन रडले. कुणा बाईने त्यांच्याकडे बघून हसण्याचा हा पहिला प्रसंग, असे त्यांनी सांगितले. नुसते उपचारापुरते हात लावणे वेगळे. नर्सबाया ते रोज करत होत्या. पुढे मॅट्युरिनबाईंना त्यांनी लिहिलेले एक पत्र जपून राहिले आहे. १८८७ च्या मे महिन्यात युवराज्ञी अलेक्झांड्रा येऊन गेल्या, त्यांनीही हात मिळवला, सहीचा फोटो पाठवला. त्यानंतर मोठ्या लोकांची रीघ लागली. यातले किती प्रेमाने आले आणि किती युवराज्ञी गेल्या म्हणून आले, ते त्यांचे त्यांना माहीत. पण दोन पेन्स न देता बघायला येणारी ही गर्दी निदान आधी बसून बोलत होती.

मेरिक बाहेर पडायचे ते रात्री, हॉस्पिटलच्या आवारात, रोगी झोपल्यावर. नाटक बघायची हौस होती, तर थिएटरात मागच्या दाराने नेऊन खासगी बॉक्समध्ये बसवले आणि पुढे नर्सबाया बसवल्या. अंधारात त्यांनी ते नाटक डोळे भरून पाहिले आणि नंतर पात्रे खरीच कुठेतरी राहत असल्यासारखे बोलत राहिले. उन्हाळ्यात नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये एका जहागिरीवर त्यांची राहण्याची सोय झाली. ट्रीव्हजनी लिहिले आहे, की जिथे आधी उतरायचे होते तिथली बाई त्यांना बघून ॲप्रन डोक्यावर घेऊन पळाली. मग शिकारीचे रान राखणाऱ्या माणसाच्या झोपडीवर ते राहिले. तिथे पडदा लागत नव्हता. रानातली फुले गोळा करून पत्रांबरोबर पाठवायचे, कुत्री-पाखरांच्या गोष्टी लिहायचे.

पण एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. हॉस्पिटलात आल्यावर सुरुवातीला त्यांना वाटायचे की इथून आपल्याला हलवणार. तेव्हा त्यांनी विचारले होते, की मला दीपगृहात ठेवता येईल का, नाहीतर आंधळ्यांच्या आश्रमात? त्यांना माणसे नको होती असे नाही. आंधळ्यांच्या आश्रमात माणसेच असतात. बोलावे, बसावे, हात धरावा, फक्त बघणे नसावे.

डाव्या एका हाताने, थोडी मदत घेऊन, त्यांनी पुठ्ठ्याचे एक चर्च केले. खिडक्या, कमानी, मनोरे सगळे बारकाईने. ते आजही शिल्लक आहे. बुरूडकामाच्या टोपल्याही विणत आणि ज्यांनी उपकार केले त्यांना देत. हात रिकामा ठेवायचा नाही ही सवय सिगारच्या कारखान्यापासूनची.

डोके इतके जड झाले होते की आडवे झोपले तर श्वास कोंडायचा. म्हणून ते उशांना टेकून बसून, गुडघ्यांवर डोके ठेवून झोपत. इतरांसारखे उशीवर डोके टेकून निजावे असे ते म्हणत. ११ एप्रिल १८९० रोजी दुपारी ते अंथरुणावर आडवे पडलेले, मरण पावलेले आढळले. वय सत्तावीस. ट्रीव्हजचा तर्क असा, की त्यांनी तो प्रयोग करून पाहिला आणि मान मागे पडून मणका सरकला.

चौकशीच्या वेळी प्रेताची ओळख पटवायला कोण आले? चुलता चार्ल्स, न्हावी. लेस्टरहून लंडनला आला आणि हा माझा पुतण्या म्हणून सांगून गेला. बाप जिवंत होता. तो आला नाही.

त्यानंतर ट्रीव्हजनी शरीर चिरले, प्लास्टरचे साचे काढले आणि हाडांचा सांगाडा तारांनी जोडून हॉस्पिटलच्या वैद्यकीय शाळेत उभा केला. सांगाडा अजूनही लंडनच्या विद्यापीठाकडे आहे, सर्वसामान्यांसाठी खुला नाही. वैद्यकाचा अभ्यास करणाऱ्यांना दाखवतात. त्यांना लेस्टरला आणून पुरावे अशी मागणी अलीकडच्या वर्षांत काही लोकांनी केली, ती मान्य झालेली नाही. ती टोपी आणि तो पडदा कित्येक वर्षे हॉस्पिटलच्या संग्रहालयात काचेच्या कपाटात ठेवलेला होता, आणि लोक काचेला नाक लावून त्या फटीतून आत बघत.